दुर्गम बेटांच्या वाटेवर

दिल्लीत बसून समुद्रावर बोलणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम आहे. येथे पाण्याची ओळख ती काय यमुनेची, आणि तिच्यात शीड उभारावे अशी तिची स्थिती उरलेली नाही. तरीही २०२५ सालच्या जानेवारीअखेर आलेल्या एका बातमीने मला नकाशा उघडायला लावले. भारतीय नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणेस निघालेल्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. या दोघी ३० जानेवारीस ‘पॉइंट निमो’वरून पुढे गेल्या होत्या. दक्षिण प्रशांत महासागरातील हा बिंदू म्हणजे जमिनीपासून सर्वांत दूर असलेले पाणी. तेथून जवळचा किनारा २,६८८ किलोमीटरांवर आहे. आकाशात सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून अंतराळस्थानक माथ्यावर आले, तर त्यातील अंतराळवीर हेच तुमचे सर्वांत जवळचे शेजारी. ‘निमो’ या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी ‘कोणी नाही’ असा आहे.

हा जवळचा किनारा एक नसून तीन आहेत, आणि तिन्ही सारख्याच अंतरावर. दक्षिणेस अंटार्क्टिकाच्या कडेला माहेर नावाचे बेट आहे. नाव मराठी कानाला गोड लागते, पण तेथे स्वागताला बर्फाखेरीज फारसे काही नाही. दुसरे, ईस्टर बेटाजवळचे मोतू नुई. तिसरे, ड्यूसी हे निर्जन प्रवाळबेट. हे ड्यूसी पिटकेर्न द्वीपसमूहात मोडते. त्याच्या पश्चिमेस पाचशेहून अधिक किलोमीटरांवर खुद्द पिटकेर्न आहे, आणि मला सांगायचे आहे ते तेथूनच सुरू होते.

पिटकेर्न हे जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरांचे खडकाळ बेट. १७६७ मध्ये कार्टरेट या इंग्रज कप्तानाने ते नकाशावर नोंदले, पण रेखांशात सुमारे तीन अंशांची चूक करून. ही चूक पुढे एका टोळीच्या पथ्यावर पडली. १७८९ मध्ये ‘बाउंटी’ हे जहाज ताहितीहून नीरफणसाची रोपे घेऊन वेस्ट इंडीजकडे निघाले असता खलाशांनी बंड केले. त्यांतील नऊजण, काही ताहितीय स्त्रीपुरुषांना बरोबर घेऊन (त्यांतल्या कित्येकांना तर फसवूनच आणले होते), १७९० मध्ये या चुकीच्या जागी दाखवलेल्या बेटावर उतरले आणि त्यांनी जहाज जाळून टाकले. पुढे १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज तेथे योगायोगाने पोचेपर्यंत त्यांचा पत्ता जगाला लागला नाही.

ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. बंडखोरांना वाटले होते की आपण जगाच्या टोकाला आलो. पण त्या बेटावर दगडी हत्यारे होती, मूर्ती होत्या, खडकांवर कोरलेल्या आकृती होत्या. त्यांच्या आधी काही शतके तेथे माणसे नांदून उठून गेली होती.

‘दुर्गम’ हा शब्द आम्हां सरकारी लोकांच्या टिपणांत रोज येतो. एखादे गाव दुर्गम ठरते ते मुख्यालयापासून. तेथे राहणाऱ्याला मुख्यालय किती दुर्गम वाटते, हे विचारण्यासाठी आमच्या नमुन्यात रकाना नसतो. पॉलिनेशियाबद्दल युरोपीय दर्यावर्दींचे असेच झाले. हवाई, ईस्टर बेट आणि न्यूझीलंड ही त्या अवाढव्य त्रिकोणाची तीन टोके. या तिन्ही टोकांपर्यंत एकाच भाषाकुळाची माणसे शिडाच्या होड्यांनी पोचली होती, आणि तीही युरोपीय जहाजांच्या कितीतरी आधी. समुद्र त्यांना भिंतीसारखा वाटला असता, तर हे घडते ना.

त्यांच्या होडीचे वर्णन वाचताना कोकणच्या माणसाला घरची आठवण व्हावी. दोन लांब होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्यांची माची. खिळा एकही नाही, सारे सांधे काथ्याच्या दोरीने शिवलेले. शीड केतकीच्या जातीच्या झाडाच्या पानांचे, चटईसारखे विणलेले. आत कोंबड्या, डुकरे, आणि नव्या बेटावर लावण्यासाठी अळूचे कंद, नीरफणसाची रोपे, केळीचे मुनवे, नारळ, ऊस, हळद. थोडक्यात, आपल्याकडचे एखादे परसच होडीत घालून ही माणसे निघत. ज्या अळूचे फदफदे आपण पंगतीत वाढतो, तेच त्यांचे पोटभरीचे अन्न.

आणि दिशा? होकायंत्र नव्हते. कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो व कोठे मावळतो, हे पाठ असे. ढगाळ रात्री लाटांवरून चालत. दूरच्या वाऱ्यांनी उठवलेली लांब लाट दिवसचे दिवस एकाच दिशेने येते, आणि तांडेल ती होडीच्या डुलण्यावरून ओळखतो. रात्री जमिनीवर वस्ती करणारे पक्षी संध्याकाळी ज्या दिशेला उडत जातात, तिकडे बेट असणार. उथळ खाजणाचे हिरवे पाणी वरच्या ढगाच्या पोटावर हिरवट छटा टाकते. बेट दिसण्याआधी ती दिसते.

१७६९ मध्ये कॅप्टन कुकबरोबर निघालेला रायातेया बेटाचा तुपाइया याच विद्येचा पंडित होता. त्याने कुकच्या माणसांसाठी सत्तरहून अधिक बेटांचा नकाशा काढून दिला. पुढे विद्वानांनीच शंका काढली की ही बेटे योगायोगाने, वाहवत जाऊन सापडली असावीत. त्याचे उत्तर १९७६ मध्ये मिळाले. ‘होकुलेआ’ ही जुन्या धर्तीची जोडहोडी हवाईहून ताहितीस उपकरणांवाचून पोचली. सातवाल बेटाचे माऊ पियाइलुग तिचे मार्गदर्शक होते. हवाईत ही विद्या तोवर लोपली होती, म्हणून मायक्रोनेशियातून गुरू आणावा लागला.

आपल्याकडेही अशा एका वृद्धाच्या हट्टातून काम उभे राहिले. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी ‘सागर परिक्रमे’ची कल्पना धरून ठेवली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तिच्या डच आराखड्याचे नाव ‘टोंगा ५६’. टोंगा हे पॉलिनेशियातील बेटांचे राज्य! ‘तारिणी’ही त्याच आराखड्याची, छप्पन्न फुटांची. दोन्ही नौकांनी न्यूझीलंडमधील लिटलटन बंदरात मुक्काम केला, आणि तेथून केप हॉर्नकडे निघताना ती सारी बेटे त्यांनी उत्तरेकडे सोडली. त्यांच्याजवळ उपग्रहाधारित दिशादर्शन होते, एवढे सांगितले पाहिजे.

पॉइंट निमोवर दिलना आणि रूपा यांनी समुद्राच्या पाण्याचे नमुने घेतले. ते गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसाठी होते. ‘कोणी नाही’ अशा नावाच्या जागी पाण्यात कोण कोण राहते, हे तपासण्यासाठी.