वनौषधी, विषाद आणि निद्रा

(छत्रपती संभाजीनगर येथे शिक्षक, शासकीय कर्मचारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय वनौषधींचा असल्यामुळे मी आपणांस एखादा रामबाण काढा सांगेन, अशी अपेक्षा बाळगून काही जण येथे आले असतील. तसा काढा माझ्यापाशी नाही. मनाच्या विषादावर ज्या वनस्पती आपल्याकडे आणि परदेशात वापरल्या जातात, त्यांचा झोपेवर काय परिणाम होतो आणि त्या परिणामाचा अर्थ आपण कसा लावावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा अर्थ चुकीचा लावला गेला, तर त्याची किंमत एखाद्या कुटुंबास फार मोठी मोजावी लागते.

आपल्या मराठवाड्यातील कोणतेही एक गाव डोळ्यांसमोर आणा. पावसाने दडी मारली आहे, दुबार पेरणीचा खर्च अंगावर आला आहे. चाळिशीतला एक कर्ता पुरुष रोज पहाटे तीनच्या सुमारास जागा होतो आणि मग त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. अन्नावरची वासना गेली आहे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवण्यातही त्याचे मन रमत नाही. घरची माणसे एवढेच म्हणतात, "भाऊंना झोप येत नाही." मग बाजारातून वा यात्रेतून झोपेची पूड आणली जाते. चार-आठ दिवसांत झोप लागते आणि घर निर्धास्त होते. भाऊ मात्र आतून खंगतच असतात. असे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. झोप आली म्हणजे विषाद गेला, हा जो समज या घराने करून घेतला, तोच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

झोपमोड हे लक्षण

निद्रेचे महत्त्व आपल्या पूर्वसूरींनी चांगले ओळखले होते. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत. वातविकारांच्या यादीत त्याच ग्रंथाने विषाद आणि अनिद्रा या दोहोंची गणना केली आहे. रोग वाढवणाऱ्या कारणांत तर विषादास अग्रस्थान दिले आहे. झोप येत नसेल तर अंगास तेल लावावे, स्नान करावे, दूध-भातासारखा आहार घ्यावा, मनास सुखकर अशा गोष्टी कराव्यात, असे उपायही तेथे सांगितले आहेत. औषधाबरोबर दिनचर्या आणि मन यांचा विचार करण्याची ही दृष्टी आजही घेण्याजोगी आहे.

आधुनिक मानसशास्त्रानुसार विषाद, म्हणजे ज्यास आपण नैराश्याचा आजार म्हणतो, त्यात झोप दोन प्रकारे बिघडते. बहुसंख्य रुग्णांची झोप अपुरी होते, विशेषतः पहाटे फार लवकर जाग येते व दिवसाचा आरंभच सर्वांत जड वाटतो. काही रुग्ण, त्यांत तरुण अधिक, उलट दहा-बारा तास झोपूनही ताजेतवाने होत नाहीत. निरोगी माणसास झोप लागल्यापासून सुमारे ९० मिनिटांनी स्वप्नांची अवस्था येते. विषादाच्या पुष्कळ रुग्णांत ती त्याहून लवकर येते. म्हणजे झोपेचा केवळ कालावधीच नव्हे, तर तिची घडणही बदललेली असते. गुंगी आणून कालावधी वाढवता येतो, परंतु तेवढ्याने मूळ आजार हटतो असे नाही.

हा आजार विरळा नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर २० प्रौढांपैकी सुमारे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार झाल्याचे आढळले. त्यांपैकी बहुसंख्य लोकांना कोणतेही उपचार मिळालेले नव्हते.

सर्पगंधेचा धडा

झोप आणि विषाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जगास ज्या वनस्पतीने शिकवले ती आपल्याच देशातील आहे. तिचे नाव सर्पगंधा. तिच्या मुळ्या शतकानुशतके उन्मादावर व निद्रानाशावर दिल्या जात. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील तिच्या उपयोगाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपले निष्कर्ष १९४९ मध्ये एका ब्रिटिश नियतकालिकात मांडले आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पुरस्काराने गौरवण्यात आले. महाराष्ट्रास अभिमान वाटावा अशीच ही घटना होय.

तथापि या यशोगाथेस दुसरी बाजूही होती. रेसर्पीनने रक्तदाब उतरे, क्षोभ शमे आणि रुग्णांस गुंगी येई. परंतु रक्तदाबासाठी ते घेणाऱ्या काही रुग्णांना काही आठवड्यांनी वा महिन्यांनी गाढ विषादाने ग्रासल्याच्या नोंदी १९५० च्या दशकात येऊ लागल्या. मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन यांसारखी द्रव्ये रेसर्पीनमुळे रिती होतात, असे दिसून आले. विषादाचा या द्रव्यांशी संबंध असावा, या विचारास येथूनच चालना मिळाली. असा विषाद नेमका किती रुग्णांत होतो, यावर पुढे मतभेद झाले. त्या काळच्या मात्रा फार मोठ्या होत्या, हेही लक्षात घेतले पाहिजे. तरीही ज्यास विषादाचा आजार आहे वा पूर्वी होऊन गेला आहे, त्यास हे औषध देऊ नये, ही खबरदारी आजवर कायम आहे.

आता त्या पुडीकडे पुन्हा वळू या. तीत काय आहे, हे घरच्यांस ठाऊक नाही. तीत सर्पगंधा असेल, तर भाऊंना झोप लागेल, पण ज्या आजारामुळे झोप उडाली तोच बळावण्याचा धोका राहील. "वनस्पती आहे, अपाय काय होणार?" या प्रश्नाचे उत्तर सर्पगंधेने दिलेले आहे. ज्या वनस्पतीत रक्तदाब उतरवण्याइतके सामर्थ्य आहे, तिच्यात अपाय करण्याचेही सामर्थ्य असते.

आपल्या ओळखीच्या वनस्पती

सर्वच वनस्पती सर्पगंधेसारख्या नसतात. आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, दख्खनच्या कोरड्या प्रदेशात आपोआप उगवते आणि मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात तिची मोठी लागवड होते. तिच्या शास्त्रीय नावातील लॅटिन पदाचा अर्थच मुळी "निद्रा आणणारी" असा आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाच चाचण्यांतील ४०० व्यक्तींची माहिती एकत्र तपासली गेली. आस्कंदाच्या मुळाच्या अर्काने झोपेत अल्प, परंतु निश्चित सुधारणा होते, असे तीत दिसले. निद्रानाशाचा त्रास असणाऱ्यांत आणि आठ आठवडे वा अधिक काळ औषध घेणाऱ्यांत हा लाभ जास्त होता. हा झोपेवरचा पुरावा आहे. आस्कंद एकटेच विषादाचा आजार बरा करते, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. यकृतास इजा झाल्याच्या काही घटनाही अलीकडे नोंदल्या गेल्या आहेत. गरोदर स्त्रियांनी, थायरॉइडचे विकार असणाऱ्यांनी आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना आस्कंद घेऊ नये.

ब्राह्मीच्या बाबतीत पहिला प्रश्न ओळखीचाच आहे. नीरब्राह्मी ही पाणथळ जागी वाढणारी एक वनस्पती, तर मंडूकपर्णी किंवा कारिवणा ही दुसरी. दोहोंनाही बाजारात ब्राह्मी म्हणतात. नीरब्राह्मीवरील चाचण्या मुख्यतः स्मरणशक्तीविषयीच्या आहेत. झोपेचे औषध म्हणून तिच्यावर विसंबता येईल, असा पुरावा तोकडा आहे. काही जणांस तिने पोट बिघडण्याचा त्रास होतो.

तगराची गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्या अंगणात पांढऱ्या फुलांची जी तगर असते, ती निराळी. औषधातील तगर हिमालयातील असून तिच्या युरोपीय भावंडास व्हॅलेरियन म्हणतात. झोपेसाठी केलेल्या व्हॅलेरियनच्या चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. जटामांसीही हिमालयात सुमारे ३,००० ते ५,००० मीटर उंचीवर वाढते. बेसुमार उपटणीमुळे ती दुर्मिळ झाली असून १९९७ पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. दुर्मिळ व महाग वस्तूत भेसळ होते, हे आपणांस सांगावयास नकोच. यास्तव खुली, बिननावाची पूड घेऊ नये. वेष्टनावर घटक, मात्रा, परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली असलेलेच औषध घ्यावे व तेही नोंदणीकृत वैद्यांच्या देखरेखीखाली.

परदेशातील अनुभव

विषादावर सर्वाधिक अभ्यासली गेलेली वनस्पती युरोपातील आहे. तिला सेंट जॉन्स वर्ट म्हणतात. २००८ मध्ये २९ चाचण्यांचा आढावा घेण्यात आला, त्यांत सुमारे ५,५०० रुग्ण होते. सौम्य ते मध्यम विषादात या वनस्पतीचा अर्क निष्क्रिय गोळीपेक्षा सरस आणि प्रचलित औषधांच्या तोडीचा ठरला. म्हणजे वनस्पतीने विषाद कमी होऊच शकत नाही, असे म्हणणेही बरोबर नाही.

गंमत अशी की, ही वनस्पती गुंगी आणणारी नव्हे. काही जणांची झोप तिने उलट चाळवते, अस्वस्थता येते, स्वप्ने ठळक पडतात. सर्पगंधा झोप आणते पण विषाद वाढवू शकते, तर ही वनस्पती विषाद हलका करते पण झोप चाळवू शकते. ही दोन उदाहरणे शेजारी ठेवली, की झोपेवरून विषादाचे मोजमाप का करू नये, हे वेगळे सांगावे लागत नाही.

शिवाय सेंट जॉन्स वर्टमुळे यकृत इतर अनेक औषधे भराभर नष्ट करू लागते. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि एचआयव्हीवरील काही औषधे यांचा गुण त्यामुळे कमी होतो. झुरिच येथे हृदयारोपण झालेल्या दोन रुग्णांच्या शरीराने याच कारणाने नवे हृदय नाकारू लागल्याची नोंद २००० मध्ये प्रसिद्ध झाली. विषादावरील इतर गोळ्यांबरोबर ती घेतल्यास गंभीर विषबाधेसारखी स्थिती होऊ शकते. केशराच्याही लहान चाचण्या, विशेषतः इराणात, आशादायक ठरल्या आहेत. त्यांत दिवसाला अवघे ३० मिलिग्रॅम केशर वापरले होते. तथापि भेसळीच्या केशरास हा पुरावा लागू होत नाही.

आपले कर्तव्य

बंधुभगिनींनो, आपण कोणी रोगनिदान करावे, अशी अपेक्षा नाही. परंतु गावात प्रथम जाणवते ते आपणांसच. शाळेत गप्प झालेला मुलगा शिक्षकास दिसतो, ग्रामसभेस यावयाचा थांबलेला शेतकरी सदस्यास दिसतो. अशा वेळी दोन साधे प्रश्न विचारावेत. गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश वाटते का? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत आता रस वाटत नाही का? यांपैकी एकाचेही उत्तर "बहुतेक दिवस, होय" असे आले, तर झोप चांगली लागत असली तरी त्या व्यक्तीस डॉक्टरांकडे न्यावे. जगणे नकोसे वाटते का, हेही आपुलकीने, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उत्तर होकारार्थी असेल, तर त्या व्यक्तीस एकटे सोडू नये, घरातील कीटकनाशके कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी मदत मिळवावी.

मदत दूर नाही. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्यास आपण सारे "घाटी" म्हणून ओळखतो, तेथे मनोविकार विभाग आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखालीही उपचार मिळतात. २०१५ मध्ये राज्य शासनाने मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो याच जाणिवेतून. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते.

जो वनौषधी घेत असेल, त्यास हिणवू नये. त्याच्या हातून आशेचा आधार हिसकावून घेतला, तर तो पुढे काही सांगणारच नाही. "काय घेता, ते डॉक्टरांना दाखवा" एवढेच सांगावे. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण विषादावरील औषधांचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे जावे लागतात. जोडीला झोपेची शिस्त पाळावी. रोज ठराविक वेळी उठावे, दिवसा उन्हात थोडे काम करावे, संध्याकाळनंतर चहा टाळावा. झोपेसाठी दारू मुळीच घेऊ नये. तिने डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि विषाद वाढतो.

वनौषधींचा वारसा जपण्याजोगा आहेच. परंतु डॉ. वकिलांनी सर्पगंधा जशी तपासून, मोजून, नोंदी ठेवून वापरली, तसा तो जपला पाहिजे. आणि गावातील कोणी "आता झोप लागते" असे म्हणाला, तर त्याच्या शेजारी घटकाभर बसून आणखी एक प्रश्न विचारावा: "झोप लागते हे बरे झाले, पण सकाळी उठावेसे वाटते का?" त्याच्या उत्तरातून पुढे काय करावयाचे, हे आपणांस कळेल.