पडदा कुणी ओढायचा?

(महिला गटांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पत्रिकेत 'घरातले पडदे : शिवणे आणि लावणे' असा विषय छापलेला बघून काहीजणी हसल्या, ते मी मघाशी चहाच्या रांगेत ऐकलं. एकजण तर म्हणाली, "आता रुखवत मांडायचं तेवढं राहिलं." तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चळवळीत आलो तेव्हा शिवणकाम-भरतकामाच्या वर्गांना आपण सगळ्याच नाकं मुरडत होतो, आणि त्याला कारणं होती. पण हा विषय मी स्वतः मागून घेतला आहे. मला भाषण येत नाही, पडदे येतात.

१९९१ साली मी लग्नाचं घर सोडलं. का सोडलं ते इथे बसलेल्या बऱ्याचजणींना माहीत आहे, ते आज सांगत नाही. त्या घरातले सगळे पडदे मी शिवलेले होते. निघताना एका पिशवीत मुलीचे कपडे, कागदपत्रं, थोडे पैसे घेतले आणि दारात उभी राहून एकदा मागे बघितलं, तर पडदे तेवढे दिसले. पडदे माझे होते, पण भिंत त्याची होती. घर कुणाच्याही नावावर असो, नांदत्या घरात राहण्याचा बाईचा हक्क कायद्याने मानला तो २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात. तो अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ रोजी, म्हणजे माझ्यासाठी पंधरा वर्षं उशिराने. असो.

पुण्यात पेठेतल्या एका जुन्या वाड्यात खोली मिळाली. एकच खोली, कोपऱ्यात मोरी, आणि गॅलरीकडे उघडणारी एक खिडकी. गॅलरीतून सगळ्या बिऱ्हाडांची ये-जा. एकटी बाई, नवरा नाही, बरोबर चार वर्षांची मुलगी, म्हटल्यावर जाणाराची मान खिडकीपाशी आली की आपोआप वळायची. पहिल्या रात्री मी खिडकी लावून घेतली तर उकाड्याने पोर रडायला लागली. उघडली तर मी झोपेना. दुसऱ्या दिवशी नेसायच्या तीन साड्यांपैकी एक काढली आणि कात्री हातात घेतली.

आता टेप काढा, कारण हिशोब तोंडी सांगितला तर डोक्यात राहत नाही. खिडकी चार फूट रुंद, चार फूट उंच धरा. दांडी चौकटीच्या बरोब्बर वर लावायची नाही. सहा इंच वर घ्यायची आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त ठेवायची, म्हणजे पडदा बाजूला सारला तरी उजेड अडत नाही आणि ओढला तर कडेने फट राहत नाही. आपल्याला फट नकोच आहे. खाली चौकटीच्या सहा इंच खाली पडदा आला पाहिजे. म्हणजे तयार उंची साठ इंच. वर नेफ्यासाठी चार इंच, खाली दुहेरी दुमडीला सहा इंच. झाले सत्तर. रुंदीचं गणित वेगळं. दांडी साठ इंच आहे म्हणून साठ इंच कापड आणलंत तर पडदा वाळत घातलेल्या चादरीसारखा दिसेल. चुण्या पडायच्या तर कापड निदान दुप्पट हवं, म्हणजे एकशेवीस इंच. साडीचा पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. असे तीन पट्टे घेतले की एकशेपस्तीस. आणि सत्तर इंचांचे तीन पट्टे म्हणजे दोनशेदहा इंच, सव्वापाच मीटरच्या थोडं वर. साडी असते साडेपाच मीटर. एका खिडकीला एक साडी, वर कापायला-सवरायला पाच-सहा इंच उरतात. शिवाय काठ आयते असल्यामुळे बाजूच्या कडा दुमडाव्या लागत नाहीत. हे गणित मला कुणी शिकवलेलं नाही, त्या दिवशी जमिनीवर बसून वितीने मोजताना सापडलं.

नवं सुती कापड आणाल तर कापण्याआधी धुऊन घ्या. दुकानदार 'आटत नाही' म्हणाला तरी धुवा. रात्रभर भिजवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं, इस्त्री करून मग मोजायचं. आणि खालची दुमड पहिल्या दिवशी टीप घालून पक्की करू नका. नुसता धावदोरा घाला, पडदा दोन दिवस टांगून ठेवा. कापड स्वतःच्या वजनाने उतरतं, सगळीकडे सारखं उतरत नाही. मग खालची रेघ बघून शिवा. आयलेटच्या कड्या लावणार असाल तर एका पडद्याला सम संख्येत लावा, आठ किंवा दहा. विषम झाल्या तर एक कड भिंतीकडे वळते आणि दुसरी खोलीत तोंड वर करून उभी राहते.

माझ्या त्या पहिल्या पडद्याला दांडी नव्हतीच. प्लॅस्टिक चढवलेली स्प्रिंगची तार, तिच्या दोन टोकांना हूक, आणि लाकडी चौकटीत स्क्रूच्या दोन कड्या. तार मापाला नेमकी घेऊ नका, तीन-चार इंच आखूड घ्या, ताणून लावली की झोळ पडत नाही. तो पडदा लावला त्या रात्री मी अंगावरची साडी बदलून गाऊन घातला. बाकी काही नाही, गाऊन घातला एवढंच. पण गेल्या आठ दिवसांत मी साडी सोडलेली नव्हती.

मोरीला मात्र पडदा पुरला नाही. महिन्याभराने वाड्यातला एक मुलगा वरच्या झरोक्याशी सापडला. मी तशीच ओल्या केसांनी चौकीवर गेले. तिथल्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तिथेही पडदा लावा ना!" बाईच्या एकांताचा भंग करणं हा तेव्हाही भारतीय दंड संहितेच्या ५०९ कलमाखाली गुन्हा होता, पण ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि त्याला ठाऊक असलं तरी त्याने सांगितलं नाही. चोरून बघणं, चित्र काढणं यासाठी वेगळं ३५४-सी कलम आलं ते २०१३ साली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच ७७ व्या कलमात आहे. आज मी पडदे शिवायला शिकवते तेव्हा हे कलम सांगितल्याशिवाय वर्ग सोडत नाही. बघणाऱ्याने बघायचं आणि आपण कापड विकत आणायचं, हा हिशोब मला मान्य नाही.

पुढे मी पडद्यांवरच पोट भरलं. ठेकेदार कापलेलं कापड आणून टाकायचा, आम्ही गॅलरीतल्या पाचजणी शिवून द्यायचो, नगावर पैसे. मशीन आमचं, दोरा आमचा, वीज आमची, मोडलेली सुई आमची. एकदा चाळीस पडद्यांची रास परत आली, अर्धा इंच आखूड म्हणून. कापड त्यानेच न धुता कापलेलं, आणि मापं घ्यायच्या आधी कुठेतरी दमट जागी पडलेलं. पैसे आमचे कापले. भांडायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही काय कामगार आहात का? घरी बसून तर करता." घरखेपीचं काम करणाऱ्यांना कामगार मानावं म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. 'घरी बसून' हा शब्द कुणी उच्चारला की मला अजून ती चाळीस पडद्यांची रास दिसते. घरी होतो खऱ्या, पण बसलो कधी?

आता भिंतीचं. मला शिवता येत होतं, लावता येत नव्हतं. गिऱ्हाइकाकडे पडदे घेऊन जायचं आणि दांडी ठोकायला 'माणूस' यायची वाट बघायची. माझ्या स्वतःच्या दुसऱ्या खोलीत पडदे शिवून चार महिने ट्रंकेत पडून होते, कारण भावाला रविवार मिळत नव्हता. तो वाईट नव्हता हो. पण त्याला रविवार मिळेपर्यंत माझी खिडकी उघडी. एका रविवारी आला, दहा मिनिटांत दोन भोकं पाडली, चहा प्याला, आणि मग नातेवाइकांत वर्षभर सांगत राहिला की ताईचं घर मी लावून दिलं. तेव्हा मी ठरवलं. १९९८ साली आम्ही पाचजणींनी वर्गणी काढली आणि बोहरी आळीत जाऊन ड्रिल मशीन घेतलं. दुकानदाराने दोनदा विचारलं, "साहेब नाही आले बरोबर?"

ड्रिलमध्ये ताकद फारशी लागत नाही, पण लक्ष लागतं. आधी पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. फिरत्या यंत्रात पदर गेला तर मशीन थांबत नाही. चष्मा नसेल तर साधा गॉगल घाला, पण डोळे झाका. स्टुलाला धरायला एकजण हवी. विजेचं बटण जिथे असेल त्याच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचं नाही, तिथून भिंतीतली तार गेलेली असते. दोन्ही खुणा सारख्या उंचीवर यायला गवंड्याची पाणसळ हवी. ती नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरा आणि दोन टोकं दोन खुणांशी धरा. पाणी खोटं बोलत नाही. छतापासून मोजू नका, छत तिरकं असतं. माझ्या अर्ध्या गिऱ्हाइकांची घरं तिरकी निघाली, त्यात बिल्डरची स्वतःची सदनिकाही होती.

सुरुवात हळू करा. भुकटी बघत राहा. पांढरी आली तर अजून नुसता गिलावा आहे. लाल आली की वीट लागली, काम सोपं. करडी आली आणि टोक पुढे सरकेना, तर खिडकीवरचा काँक्रीटचा लिंटेल आहे. तिथे हॅमरचं बटण चालू करा आणि दमाने घ्या. आठ मिलीमीटरचं टोक, आठची प्लॅस्टिकची गिट्टी, आणि खोलीच्या मापावर टोकाला चिकटपट्टीची खूण. जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, ढेपळं येतात. तिथे मोठं भोक घेऊन लाकडाची गुट्टी ठोका नाहीतर चौकटीवरच काम भागवा. माझी पहिली भोकं एकाखाली एक तीन आहेत, मधलं बरोबर आलं. मी ती बुजवलेली नाहीत.

एका बैठकीत मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होते. पडदा म्हणजे बाईची मोकळीक वगैरे. तेव्हा आमच्यातली एक मुसलमान मैत्रीण म्हणाली, "तू पडदा म्हणालीस की सगळ्या माझ्याकडे बघतात. तुमच्या देशमुखांच्या वाड्यांत काय होतं?" तिचं खरं होतं. गोषा आपल्याकडे खानदानीचं लक्षण म्हणून मिरवला गेला. बंगालच्या बेगम रुकैयांनी १९३१ साली 'अवरोधबासिनी'त पडद्यातल्या बायकांच्या हकिगती गोळा केल्या, त्यात हिंदू घरांतल्याही आहेत. तिने मग मला एकच विचारलं: तुझ्या पडद्याची दोरी कुणाच्या हातात आहे ते सांग, मग मोकळीक की काय ते बघू. मी तेव्हा मान डोलावली. तिचं म्हणणं कळलं ते बऱ्याच वर्षांनी.

ओळखीच्या एका निवारागृहात मी बारा खिडक्यांचे पडदे शिवून दिले, फुकट, आणि मला त्याचा अभिमान होता. छान निळं खादीचं कापड, जाड मांजरपाटाचं अस्तर, स्टीलची दांडी, कड्या. लावून झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी दिवे लागल्यावर मी सहज एक पडदा ओढला. कड्या दांडीवरून सळ्ळकन गेल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरची एक बाई उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणी काही बोललं नव्हतं. दोन दिवसांनी तिने सांगितलं, तेही मला नाही, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना: नवरा मारायच्या आधी घरातले पडदे ओढून घ्यायचा. सगळे, एकेक करून. शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. तो आवाज झाला की तिला कळायचं.

मी बारा खिडक्या मोजल्या होत्या. खाटांवरच्या बायकांना विचारलं नव्हतं. एवढी वर्षं चळवळीत काढून मी तेच केलं, जे माझ्या भावाने केलं होतं.

तिच्या खोलीतला पडदा उतरवला. नुसता उतरवून भागेना, कारण शेजारच्या खाटेवरचीला रस्त्यावरून दिसणं सहन होत नव्हतं, तिचा माणूस खाली येऊन उभा राहायचा. दोघींना समोरासमोर बसवलं. तासभर लागला. शेवटी खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला पडदा, वरचा अर्धा उघडा. झोपलेली बाई रस्त्यावरून दिसत नाही, आणि खोलीतून आभाळ आणि समोरची गॅलरी दिसते. कड्या नाहीत, स्प्रिंगची तार, म्हणजे आवाज नाही. आणि तो ओढायचा की नाही ते त्या दोघींनी ठरवायचं, रात्री फेरी मारणाऱ्या ताईंनी नाही. बाकीच्या अकरा खिडक्यांपाशी मग आम्ही एकेक करून बसलो. तिघींना पडदा हवा होता, पण आतल्या बाजूने गाठ मारता येईल असा. एकीला नकोच होता. एकीने विचारलं, मीच शिवू का?

तिने शिवला. खालची दुमड वाकडी आली आहे, अजून तशीच आहे.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. जेवणानंतर मागच्या खोलीत ज्यांना भोक पाडून बघायचं आहे त्यांनी यावं, भिंत विटेची आहे आणि संयोजकांची परवानगी घेतली आहे. आमचं ड्रिल कार्यालयाच्या कपाटात असतं, बरोबर सहा आणि आठची टोकं, गिट्ट्यांचा डबा आणि पाण्याची नळी. वहीत नाव लिहून कुणीही न्यावं. परत आणताना चकची किल्ली तेवढी विसरू नका, दोन हरवल्या आहेत.