मी घरी बसून काय करते?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे सर्व सर आणि बाई, आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला फ्रीलान्स कामाविषयी दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. आपल्या ग्रुपवर हाच प्रश्न जरा सरळ विचारला जातो : "ही इंजिनिअर झालेली बाई सावेडीत घरी बसून करते तरी काय?" आज त्याचं उत्तर देऊन टाकते.

मी ऑडिओ प्लगइन तयार करते. स्वयंपाकघरातला मिक्सर आठवा. मोटर एकच, पण चटणीचं भांडं वेगळं आणि ज्यूसचं वेगळं. गाणी रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर ही ती मोटर, आणि प्लगइन म्हणजे तिच्यावर बसणारं भांडं. एखादं आवाजातली खरखर काढतं, एखादं देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा देतं, एखादं तानपुरा वाजवतं. बाहेरच्यांनी केलेलं भांडंही मिक्सरवर बसावं म्हणून जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी नावाची पद्धत आणली, तीही १९९६ सालीच. त्यामुळे अख्खा मिक्सर न बनवता नुसती भांडी करून विकणारे लोक जगभर तयार झाले. त्यातली मी एक.

काम छोटं दिसतं, पण त्याला वेळेचं बंधन फार कडक. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० आकडे. संगणक ते तुकड्या-तुकड्यांनी मागतो. १२८ आकड्यांची तुकडी असेल तर माझ्या प्रोग्रामला तीन मिलिसेकंदांपेक्षा कमी वेळ मिळतो. उशीर झाला की गायकाच्या कानात 'टक्' असा आवाज येतो आणि टेक वाया जातो. म्हणून त्या वेळात फाइल उघडायची नाही, संगणकाकडे नवी मेमरी मागायची नाही, कोणाची वाट बघायची नाही. पंगत बसल्यावर दुकानात पीठ आणायला जात नाहीत, तसंच. सगळी तयारी आधी.

मी या कामात ठरवून आले नाही. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतल्यावर पुण्यात नोकरी करत होते. २०१४ मध्ये वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मी एकुलती एक. पुणे-नगर रोज करणं शक्य नव्हतं आणि वडिलांना पुण्यात करमत नव्हतं. घरात आठ महिने पुरतील एवढे पैसे बाजूला होते. तेवढी मुदत घेऊन मी नगरला परत आले.

रात्री वडील झोपले की मी सी प्लस प्लस पुन्हा नीट शिकले. प्लगइन करणारे बरेच जण 'ज्यूस' नावाची तयार चौकट वापरतात (आपला रसवंतीतला नव्हे), तीही शिकले. सुरुवातीला परदेशातल्या लहान कंपन्यांची किरकोळ दुरुस्तीची कामं घेतली. सहाव्या महिन्यात एका ग्राहकाने पूर्ण झालेलं काम घेतलं आणि पैसे दिलेच नाहीत. त्या महिन्याची औषधं आईच्या भिशीतून आली. तेव्हापासून माझा नियम आहे : अर्धे पैसे आधी, आणि काम टप्प्याटप्प्यानेच द्यायचं. कोणाच्या मुलांना फ्रीलान्स काम करायचं असेल तर हे पहिलं वाक्य लिहून घ्या.

स्वतःचं पहिलं उत्पादन म्हणून मी तानपुरा निवडला. या वाटेवर माझ्या आधी मोठी माणसं चालून गेली आहेत. बंगळुरूचे जी. राज नारायण हे इंजिनिअर आणि बासरीवादक. त्यांच्या रॅडेल कंपनीचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्याकडच्या कितीतरी गाण्याच्या क्लासमध्ये वाजतो. प्रसाद उपासनी यांचं आयतबला प्रो हे ॲप आज असंख्य गायकांच्या रियाजात असतं. मला मात्र रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बसणारा तानपुरा हवा होता.

तारेचा आवाज गणिताने काढायची एक सोपी रीत १९८३ पासून कार्प्लस आणि स्ट्राँग या दोघांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिने गिटारसारखी तार छान वाजते, तानपुरा वाजत नाही. कारण तानपुऱ्याची जादू जवारीत आहे. घोडी रुंद आणि किंचित गोलसर, त्यावर तारेखाली बारीक धागा. तार थरथरताना घोडीला पुन्हा पुन्हा टेकते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे : पुस्तकी नियमाने जे बारीक स्वर उमटायला नकोत, तेही या तारेतून ऐकू येतात.

हे समजून घ्यायला मी मिरजेला गेले. तिथल्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी गेले ते त्याच्या बरंच आधी. तिथल्या एका कारागिरांनी माझ्यासमोर जवारी लावली. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. मोजपट्टी कुठेच नाही. मी विचारलं, "काका, एकदा लावलेली जवारी किती दिवस टिकते?" ते म्हणाले, "वाजवाल तशी झिजते. मग आणायचा परत. विकला म्हणजे संपलं असं नसतं, ताई."

माझ्या धंद्याचं मर्म मला तिथे कळलं. माझा तानपुरा पहिल्या महिन्यात अकरा जणांनी घेतला. एवढ्यावर घर चालत नाही. पण त्या अकरा जणांच्या प्रत्येक ईमेलला मी त्याच दिवशी उत्तर दिलं. ॲपलने २०२० मध्ये संगणकातले प्रोसेसर बदलले, तेव्हा जुनी प्लगइन नव्याने बांधून तपासावी लागली. मी ते केलं आणि जुन्या ग्राहकांना फुकट दिलं. त्यांच्यापैकी एकाने मला एका स्टुडिओचं मोठं काम मिळवून दिलं, ते आजही चालू आहे. माझी निम्मी मिळकत अशा कामांतून येते, निम्मी स्वतःच्या चार प्लगइनमधून. कधी महिना भरभरून जातो, कधी कोरडा. म्हणून सहा महिन्यांचा खर्च कायम बाजूला असतो. सरकारी कागदांत मी 'सेवांची निर्यातदार' आहे, हे ऐकून आई अजून हसते.

वडील २०१९ मध्ये गेले. शेवटची पाच वर्षं मी त्यांच्या खोलीच्या शेजारच्या खोलीत काम करत होते. या कामाने मला काय दिलं असं कोणी विचारलं, तर पैशाच्या आधी मी हे सांगते.

आपल्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी नादकाटा बाकावर आपटून कानाशी धरायला लावला होता, आणि संगीताच्या बाई पेटीचा सूर जुळल्याशिवाय प्रार्थना सुरू करू देत नव्हत्या. कॉलेजात आवाजाचं गणित शिकले, पण कान इथेच तयार झाला. सर, बाई, तुमचे मनापासून आभार.

मुख्याध्यापकांशी बोलून ठरवलं आहे : येत्या जूनपासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी शाळेच्या संगणक कक्षात दोन तास येणार आहे. आठवी-नववीच्या मुलांना संगणकावर आवाज तयार करायला शिकवीन. जुने हेडफोन घरात पडून असतील तर शाळेत आणून द्या, पंधरा तरी लागतील.