आकाश सामाईक, जबाबदारी आपली
(व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



ड्रोन आता केवळ कुतूहलाचा विषय राहिलेला नाही. २०२० साली आरंभ झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. २०२३ च्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेने बचत गटांतील भगिनींसाठी फवारणीच्या ड्रोनची वाट खुली केली. शोभायात्रा आणि विवाहसोहळे यांचे चित्रीकरणही तो करतो. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु ज्या आकाशात ड्रोन उडतो, त्याच आकाशात माणूसही उडत असतो, याचे विस्मरण होता कामा नये.

धुळे, गोंदिया येथे प्रशिक्षणार्थी लहान विमाने चालवतात. निवडणुकीच्या दिवसांत शाळेच्या मैदानावरही हेलिकॉप्टर उतरते. अशा उड्डाणांची भिस्त मुख्यतः वैमानिकाच्या नजरेवर असते. ‘पाहा आणि टाळा’ हे त्यांचे सूत्र. ड्रोनपुढे नेमके हेच सूत्र लंगडे पडते. ताशी १२० किलोमीटर वेगाचे विमान एका सेकंदात ३३ मीटर अंतर कापते. हातभर आकाराची वस्तू दिसेपर्यंत ती टाळण्याची वेळ निघून गेलेली असते. शिवाय धडकेच्या मार्गावरील वस्तू समोरच्या काचेत सरकत नाही, एकाच जागी दिसत राहते. डोळा हालचाल चटकन टिपतो; स्थिर ठिपका त्याला सहज चकवतो.

आपल्या देशातील २०२१ च्या ड्रोन नियमांनी हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास मोकळीक दिली. त्याच नियमांनी माणूस बसलेल्या विमानाला अग्रक्रम दिला आणि ड्रोनने त्यापासून दूर राहावे, असे बजावले. ‘४०० फुटांखाली विमान कशाला येईल?’ असे कोणी विचारील. उतरणारे विमान नेहमीच्या उताराने येताना धावपट्टीपासून सुमारे अडीच किलोमीटरवरच ४०० फुटांपर्यंत खाली आलेले असते. विमानतळांभोवती निर्बंध कडक आहेत, ते यासाठीच.

१० ऑगस्ट २०२१ रोजी कॅनडातील बटनव्हिल विमानतळाजवळ हेच घडले. पोलिसांचा ड्रोन ४०० फुटांवर स्थिर उभा होता. उतरू पाहणारे प्रशिक्षणाचे सेसना विमान त्यावर आदळले. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. ड्रोनचालक कामात पुरता गुंतला होता आणि सोबतच्या निरीक्षकाला त्या कामाचे प्रशिक्षणच नव्हते, असे चौकशीत आढळले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी ड्रोनने भोक पाडले. ड्रोन चालकाच्या दृष्टीआड गेला होता. वणवा धगधगत असता ते विमान दुरुस्तीसाठी जमिनीवर अडकून पडले.

दोन्ही घटनांचा बोध एकच. वैमानिक ड्रोनला पाहू शकत नाही. म्हणून पाहण्याचे कर्तव्य जमिनीवर उभ्या असलेल्याचे आहे. उड्डाणापूर्वी हवाई क्षेत्राचा अधिकृत नकाशा पाहावा. ड्रोन नजरेआड जाऊ देऊ नये. पडद्याकडे नव्हे, आकाशाकडे पाहणारा एक जाणता सहकारी सोबत असावा. विमानाचा आवाज कानी येताच चित्रीकरणाचा मोह सोडून ड्रोन खाली घ्यावा.

प्रत्येक गच्चीवर शासन पहारा ठेवू शकत नाही. कोणी पाहत नसताना पाळली जाते, तीच खरी शिस्त. वर उडणारा तरुण वैमानिक आपल्याला ओळखत नाही, तरीही त्याचे प्राण आपल्या हाती असतात. अनोळखी बांधवाची अशी काळजी वाहणे, हेही राष्ट्रकार्यच आहे.