बंगईची फळी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. ती मी एका फळीवर खर्च करणार आहे.

अकोल्याला आमच्या अंगणात बंगई होती. तुमच्यापैकी काही जणींनी तिच्यावर बसून माझ्यासोबत दहावीचा अभ्यास केला आहे. आजोबांनी परतवाड्याहून मेळघाटचं सागवान आणून ती करवून घेतली होती. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे अमरावतीला आली, घर बंद पडलं आणि बंगई दहा वर्षं उन्हापावसात लटकत राहिली. घर विकलं तेव्हा फळी राखेसारखी करडी झाली होती. भंगारवाला फक्त कड्या-साखळ्यांचे पैसे द्यायला तयार होता. फळी जळणात जाणार होती, आणि मीही हो म्हणणार होते.

सोबतचे मिस्त्री म्हणाले, "ताई, वरून पाहून लाकूड कयत नाई. दोन हात रंधा मारू द्या."

रंधा फिरला आणि खालून सोनेरी सागवान निघालं, वासासकट. ऊन लाकडाचा वरचा पातळ थर तेवढा करडा करतं. सागाच्या गाभ्यात मूळचंच तेल असतं, म्हणून त्याला पाणी आणि उधई सहजी लागत नाही. पण सगळंच शाबूत नव्हतं. कड्यांच्या भोकांत पाणी मुरून टोकं कुजली होती, कडेचं पांढरं लाकूड पोखरलं होतं. तेवढं कापलं. पाच फुटांची फळी चार फुटांवर आली.

"बंगई मोडाची नाई," असं आईने बजावलं होतं. फ्लॅटमध्ये टांगायला जागा नव्हती. मी मोडली. आई चार दिवस नीट बोलली नाही.

फळी महिनाभर सावलीत वाळवली. लोहचुंबक फिरवून तुटके खिळे शोधले, नाहीतर रंध्याचं पातं गेलं असतं. खालच्या बाजूला जुना ऑइलपेंट होता. तो कोरडा घासला नाही, ओला करून काढला. घरगुती रंगातल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2017 मध्ये. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या नाकातोंडात जाऊ नये.

त्या फळीचा बाक केला. एका कोपऱ्यात बाबांच्या अडकित्त्याची खाच होती. मिस्त्री ती काढणार होते, मी राहू दिली. आईने बसल्याबसल्या त्या खाचेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "हे तुह्या बाबाचंच काम."

आता मुद्द्याचं. आपल्या शाळेच्या मैदानातले जुने बाक मागच्या भिंतीशी पडले आहेत, तेही तसेच करडे. ते लिलावात काढण्याआधी एक दिवस मला आणि मिस्त्रींना द्या. जे कुजलं असेल ते जाऊ द्या. उरलेल्यातून वाचनालयासाठी चार बाक निघाले तरी पुष्कळ. रंधा मी आणते. घासायला तुम्ही या.