एकदाच सांगितलं तरी पुरे: योरुबातलं अनेकवचन



‘योरुबा भाषेत अनेकवचनच नाही’, असं विधान अधूनमधून कानांवर येतं. माझ्या मते ते साफ चुकीचं आहे.

लागोस, इबादान, इफे ही नैर्ऋत्य नायजेरियातली योरुबाभाषकांची शहरं. घराला तिथे ‘इले’ म्हणतात आणि दोन घरांना ‘इले मेजी’. ‘मेजी’ म्हणजे दोन. ‘इले’ जसंच्या तसं राहिलं, कारण आकडा आल्यावर नामाने तेच पुन्हा सांगायचं कारण उरत नाही. आकडा नसेल तर नामाआधी ‘आवॉन’ लावायचं: ‘आवॉन इले’, म्हणजे घरं. संदर्भाने कळत असेल तर तेही गाळतात. मोठमोठी घरं म्हणायची तर विशेषण दोनदा उच्चारलं की झालं: ‘इले न्ला न्ला’. आपल्या ‘मोठमोठी’तही हेच घडतं.

हे ‘आवॉन’ मला फार आवडतं. एरवी ते ‘ते, त्या’ अशा अर्थाचं सर्वनाम आहे. माणसाच्या नावाआधी आलं, उदाहरणार्थ ‘आवॉन आडे’, तर आडे नावाची पुष्कळ माणसं असा अर्थ होत नाही. आडे आणि त्याच्याबरोबरची मंडळी असा होतो. शिवाय एकट्या वडीलधाऱ्या माणसाबद्दलही योरुबा माणूस अनेकवचनी सर्वनाम वापरतो. ‘बाबा आले’ म्हणणाऱ्या आपल्याला हे निराळं समजावून सांगायला नको.

इंग्रजीत मात्र ‘टू हाउसेस’. दोन म्हणून झालं, तरी नामाला शेपूट हवंच, सूट नाही. जुन्या इंग्रजीत अनेकवचनाचे कितीतरी प्रकार होते. पुढे एकाच प्रत्ययाने बाकीच्यांना मागे सारलं, आणि ‘ऑक्सन’, ‘माइस’ असे थोडे अवशेष उरले. ‘चिल्ड्रन’मध्ये तर अनेकवचनाचे दोन जुने प्रत्यय एकावर एक बसलेले आहेत. ‘शीप’ बदलतच नाही, म्हणून इंग्रजीत अनेकवचन नाही असं कुणी म्हणतं का?

‘आफ्रिकी भाषांचं असंच असतं’, हेही खरं नाही. त्याच नायजेरियाच्या उत्तरेकडच्या हौसा भाषेत ‘गिदा’ म्हणजे घर, अनेकवचन ‘गिदाजे’. ‘दोकी’ म्हणजे घोडा, त्याचं ‘दावाकी’. ‘मोता’ हा मोटारीचा शब्द इंग्रजीतून घेतला, पण अनेकवचन हौसाच्या वळणाने केलं: ‘मोतोची’.

आता शाळेत या. योरुबा घरातलं मूल ‘टू बुक’ लिहितं, तेव्हा त्याच्या कानांत ‘इवे मेजी’ असतं. त्याला नियम माहीत आहे, फक्त तो योरुबाचा आहे. नुसती लाल रेघ ओढून त्याला काय कळणार? दोन्ही नियम शेजारी शेजारी फळ्यावर लिहून दाखवले पाहिजेत, आणि त्यासाठी शिक्षकाला मुलाच्या भाषेचं व्याकरण यायला हवं.

मुलाच्या भाषेवर भर दिला तर इंग्रजी कच्चं राहील, अशी शंका येईल. १९७० साली इफे इथे शिक्षणतज्ज्ञ बाब्स फाफुनवा यांच्या पुढाकाराने एक प्रयोग सुरू झाला. प्राथमिक शाळेची सहाही वर्षं योरुबातून शिकवायचं, इंग्रजी हा फक्त एक विषय. ती मुलं इंग्रजीतही मागे पडली नाहीत.