रविवारचा विसावा



ह्या महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं एका गोष्टीचें स्मरण करावें, असें आम्हांस वाटतें. रविवारीं आपण मिस्सेस निश्चिंतपणें येतों; परंतु हा विसावा कष्टकऱ्यांस आयता मिळालेला नाहीं.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळीं कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत. आठवड्याची ठरलेली सुटी त्यांस नव्हती. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं त्यांस एकत्र केलें, व सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारी कमिशनापुढें गेला. २४ एप्रिल १८९० रोजीं सुमारें १०,००० कामगारांच्या सभेंत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. एकट्यानें मागितलें असतें, तर त्याची नोकरी जाती. हजारोंनीं मागितलें, म्हणून सर्वांस मिळालें.

पुढल्याच वर्षीं, १५ मे १८९१ रोजीं, पोप तेरावे लिओ ह्यांनीं ‘रेरुम नोवारुम’ ह्या पत्रांत निर्वाहापुरतें वेतन, रविवारचा विसावा आणि कामगारांचे संघ ह्यांचा पुरस्कार केला.

आज आपल्या दारीं जेवण घेऊन येणाऱ्या तरुणास खेपेप्रमाणें मोल मिळतें. तो थांबला, कीं कमाई थांबली. त्यास धनी दिसत नाहीं; मोबाइलवर केवळ हुकूम येतो. आपण विसावतों, तेव्हां तो धावतो.

असे तरुण उद्यां संघटित होऊन हक्क मागतील, तेव्हां जेवणास उशीर झाला म्हणून आपण त्यांस दोष देऊं नये. त्यांच्या अर्जावर आपलीही सही असावी.